टाकीत घालायचं लाकूड: शोधण्यापासून बुडेपर्यंत

माझ्या माशांच्या टाकीत सध्या सजावटीला जे झाडाचं मूळ आहे ते पाण्याखाली जायला ४१ दिवस लागले. वहीत दोन नोंदी आहेत. पहिल्या दिवशीचं कोरडं वजन १ किलो १४० ग्रॅम, शेवटच्या दिवशीचं १ किलो ९२० ग्रॅम. हातभर लांबीच्या, तीन फाट्यांच्या त्या मुळाने पाऊण लिटरहून जास्त पाणी पिऊन घेतलं, तेव्हा कुठे ते तळाला टेकलं. दगड बांधून मी ते पहिल्याच दिवशी टाकीत बुडवू शकले असते. पण भिजवण्याचे दिवस केवळ लाकूड बुडावं म्हणून नसतात. लाकडाच्या पोटात जे काही आहे ते त्या काळात बाहेर पडतं, आणि ते माशांच्या टाकीऐवजी टबात पडलेलं बरं.

आधीच्या टाकीत मी एक देखणा तुकडा घातला होता. वरून दगडासारखा टणक, रंगाने जवळजवळ काळा. दोनदा उकळला आणि चौथ्या दिवशी वर वजन ठेवून टाकीत बसवला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाहते तर पाणी दूध सांडल्यासारखं पांढुरकं झालेलं आणि सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. लाकूड बाहेर काढून मधोमध कापलं. वरच्या बोटभर कवचाच्या आत सगळा गाभा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ होता आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येत होता. कुजणाऱ्या लाकडावर जिवाणू फोफावतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात. जिथे ऑक्सिजन पोचतच नाही अशा आतल्या भागात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि तो अगदी थोडा असला तरी माशांना विषारी असतो. सात टेट्रा माशांपैकी तीन त्या दिवशी गेले. निम्मं पाणी बदलून, एअर पंप लावून बाकीचे चार वाचले. तेव्हापासून लाकूड आतून कसं आहे ते कळल्याशिवाय मी ते टाकीजवळ नेत नाही.

लाकूड आतून कसं आहे हे बाहेरून ओळखायची विद्या मला घरातच मिळाली होती, ती वापरायची राहून गेली होती. माझे बाबा सुतार होते. फळी निवडताना ते आधी ती वाजवायचे. बोटाच्या सांध्याने दोन टोकांना आणि मध्ये ठोकायचं. टणक लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं किंवा कुजलेलं लाकूड बद्द वाजतं. एकाच तुकड्यात मध्येच आवाज बदलला, तर तिथे पोकळी किंवा कूज आहे असं समजायचं. मग नख. अंगठ्याचं नख जोरात दाबल्यावर खूण फारशी उमटायला नको. नख आत रुतलं तर ते लाकूड ठेवून द्या. भेगांमध्ये आणि फाटे फुटतात त्या बेचक्यांमध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून बघा, कारण पाणी साचून कूज सुरू होते ती याच जागी. बारीक गोल भोकं आणि त्यातून सांडणारा भुसा दिसला तर आत किडा आहे. भोकं जुनी असतील, भुसा नसेल आणि लाकूड खणखणीत वाजत असेल तर मी ते घेते.

शेवटची परीक्षा करवतीची, आणि माझ्या दृष्टीने ती टाळण्यासारखी नाही. जाड टोकाची बोटभर चकती कापायची आणि कापलेली बाजू उन्हात धरून बघायची. रंग एकसारखा, कड स्वच्छ, दाबून मऊ लागत नाही असं असेल तर ठीक. मग त्या ताज्या कापावर गरम पाण्याचे थेंब टाकून वास घ्यायचा. मातीचा किंवा जुन्या कपाटासारखा वास चालतो. राळेचा, टर्पेंटाइनचा, डांबराचा, केरोसीनचा, आंबूस किंवा सडका वास आला की ते लाकूड घरात आणायचं नाही, मग आकार कितीही मनात भरलेला असो.

आता हे लाकूड मिळतं कुठे? त्याला ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्याबरोबर वाहून आलेलं लाकूड, म्हणतात, तरी ते वाहूनच आलेलं असायला हवं असं काही नाही. बागेत उभं वाळलेलं झुडूप, उपटून वर्षभर पडून राहिलेलं खोड, छाटणीनंतर कोपऱ्यात सुकलेली जाड फांदी, यातूनही उत्तम लाकूड मिळतं. अट एकच, ते पुरतं मेलेलं आणि पुरतं वाळलेलं हवं. हिरव्या लाकडात रस असतो. पाण्यात गेल्यावर त्यातली साखर जिवाणूंचं आणि बुरशीचं खाद्य होते. वरून वाळलेलं दिसणारं मनगटाएवढं जाड लाकूडही आतून ओलं असू शकतं, म्हणून जिवंत कापलेल्या फांदीला मी निदान एक वर्ष सावलीत ठेवते.

नदीकाठी जायचं तर पूर ओसरल्यावर. पाणी चढलं होतं तिथे काड्या-पानांची एक रेघ काठावर राहते, त्या रेघेत शोधायचं. पाण्यात बुडालेला ओंडका ओढून काढू नये. त्याच्या खाली आणि भेगांत किड्यांच्या अळ्या राहतात, मासे आडोसा घेतात, काही जाती अंडी घालतात. आपल्या टाकीतल्या माशांसाठी नदीतल्या माशांचं घर मोडणं मला पटत नाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव जंगल इथून काहीच उचलायचं नाही, आणि खाजगी जागा असेल तर आधी विचारायचं. वरच्या अंगाला कारखाना, सांडपाण्याचा नाला किंवा औषध फवारलेली शेतं आहेत का तेही बघा. लाकूड स्पंजासारखं असतं. त्याने शोषलेलं कीटकनाशक उकळून जाईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचं लाकूड दिसायला सगळ्यात सुंदर असतं, लाटांनी घासून गुळगुळीत आणि रुपेरी झालेलं. त्यात मीठ मुरलेलं असतं. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी ते कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने भिजवावं लागतं. थांबायची तयारी नसेल तर ते तिथेच राहू द्या.

झाडाबद्दल थोडं. टणक, रुंद पानांच्या झाडांचं लाकूड टिकतं. ओक, बीच, पेरू ही सरळ नावं. पाइन, देवदार, सीडर अशी राळेची झाडं टाळा. साल खरवडल्यावर पांढरा चीक येतो ती झाडं मी घेत नाही. कण्हेर आणि यू (थंड प्रदेशातलं एक सदाहरित झाड) ही तर विषारीच आहेत. वाहून आलेल्या तुकड्याचं झाड बहुतेकदा ओळखता येत नाही, तिथे त्याच्या वयावर भिस्त ठेवावी लागते. साल निघून गेलेली, रंग राखाडी, वास जवळजवळ नाही आणि तरीही खणखणीत, असं लाकूड वर्षानुवर्षं ऊन-पाणी खाऊन उरलेलं असतं. त्यातलं जे जायचं होतं ते बरंचसं गेलेलं असतं. फर्निचरचे तुकडे, खांब, रुळांखालचे जुने स्लीपर, रंग किंवा पॉलिश लावलेलं काहीही नको. बाहेर वापरायच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून जी रसायनं मुरवतात त्यांत बऱ्याचदा तांबं आणि काहींत आर्सेनिकही असतं, आणि कोळंबीला तर तांब्याचा अंशही सोसत नाही.

विकतचं घेणार असाल तर नावं माहीत असावीत. मलेशियन ड्रिफ्टवुड जड आणि गडद असतं, बहुधा लगेच बुडतं. मोपानी आफ्रिकेतलं, दोन रंगांचं, तेही बुडतं, पण पाणी फार रंगवतं. स्पायडर वुडच्या फांद्या नाजूक आणि देखण्या असतात, मात्र ते हलकं असतं आणि सुरुवातीला त्यावर पांढरा थर भरपूर येतो. चोया हा निवडुंगाचा जाळीदार सांगाडा, कोळंबीला फार प्रिय, पण लवकर झिजतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पिंजऱ्यासाठी विकतात तो द्राक्षाचा वेल पाण्याखाली सडतो, तो घेऊ नका.

घरी आणल्यावर पहिलं काम साफसफाईचं. वाहत्या पाण्याखाली ताठ ब्रशने घासा. साल उरली असेल तर सगळी काढा, कारण ती पाण्यात सुटून येते आणि तिच्याखाली घाण साठते. मी रात्रभर भिजवून मग बोथट पटाशीने सोलते, तशी ती पट्ट्यापट्ट्यांनी निघते. मऊ जागा टणक लाकूड लागेपर्यंत खरवडायच्या. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, आणि ब्लीचही मी वापरत नाही. लाकूड ते आत ओढून घेतं आणि मग हळूहळू पाण्यात सोडत राहतं.

टोकं आणि कडा पॉलिश पेपरने मारून घ्या. हे झालं की नायलॉनचा जुना पायमोजा सगळ्या लाकडावरून फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे माशाचा पर फाटेल. लांब पर असलेल्या माशांसाठी तर ही पायरी सोडूच नये. भोकांकडेही लक्ष द्या. मासा आत शिरू शकतो पण वळू शकत नाही, अशा मापाचं भोक सगळ्यात वाईट. ते मोठं करा, नाहीतर दगड ठोकून बुजवा. माझ्या मुळाच्या एका फाट्यात आरपार भोक होतं. कानशीने ते दोन बोटं सहज जातील इतकं मोठं केलं, आणि आता कोळंब्यांची ये-जा तिथूनच चालते.

उकळण्यासाठी एक जुनं पातेलं वेगळं ठेवा, कारण तपकिरी डाग राहतात. लाकूड पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या आणि तासभर ते दोन तास उकळा. लांब तुकडा असेल तर एक टोक झालं की दुसरं. उकळण्याने किडे, अंडी, शेवाळ मरतं आणि रंगही बराच निघतो. जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत ती उष्णता पोचेलच असं नाही, हे ध्यानात असू द्या. उकळून झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं मी धरत नाही.

इथे एक गोष्ट बरेच जण घाईत चुकवतात. लाकूड तरंगतं ते आत कोंडलेल्या हवेमुळे. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याच्या साधारण दीडपट जड असतात, तेव्हा हवेची जागा पाण्याने घेतली की लाकूड बुडणारच. उकळताना आतली हवा फुगून बाहेर पडते, ते बुडबुडे तुम्हाला दिसतील. पाणी आत शिरतं ते मात्र थंड होताना, कारण उरलेली हवा आणि वाफ आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. गरम लाकूड चिमट्याने काढून बाहेर ठेवलंत तर त्या जागी पुन्हा हवाच भरेल. म्हणून गॅस बंद करून, वर वजन ठेवून, लाकूड त्याच पाण्यात रात्रभर निवू द्या. असं दोन-तीनदा केलं की नुसतं भिजवण्यातले बरेच दिवस वाचतात.

पातेल्यात न मावणाऱ्या लाकडाला जुने टॉवेल गुंडाळून त्यावर उकळतं पाणी हळूहळू ओतत राहायचं, पुन्हा पुन्हा. प्रेशर कुकर नको, ढलपी सुटून वाफेची वाट बुजली तर धोका आहे. ओव्हनही नको, कोरडं लाकूड पेट घेऊ शकतं.

मग टब. लाकूड बुडवून वर दगड ठेवा आणि टबावर कापड बांधा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतील. पहिला आठवडा रोज पाणी बदला, नंतर दर तीन दिवसांनी. पाणी बदलताना मी तीन गोष्टी बघते. पांढऱ्या कपात घेऊन त्याचा रंग, मग वास, आणि टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा. पहिल्या दिवशी माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस १३० होता आणि टबातल्या पाण्याचा ३१०. तिसाव्या दिवशी तो १४५ वर आला. आकडा नळाच्या पाण्याजवळ स्थिरावला, वास नाही, आणि लाकूड वजनाशिवाय तळाशी राहतं, ही माझी हिरवा कंदील दाखवायची वेळ. किनाऱ्यावरच्या लाकडातलं मीठ गेलं की नाही हे तर मीटरशिवाय कळणारच नाही. आठवडे जातील तसा वास वाढत चालला, तर आत कूज आहे. त्याला आणखी भिजवून उपयोग नाही.

रंग पूर्ण जाईपर्यंत थांबू नका, तो कधी कधी वर्षभर थोडाथोडा येतच राहतो. तो टॅनिनचा, चहासारखा रंग आहे, आणि माशांना त्याचा त्रास नसतो. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीचं पाणी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे असंच गडद असतं आणि कार्डिनल टेट्रा त्यातच वाढतात. टॅनिनमुळे पाणी थोडं आम्लधर्मी होतं. पाण्याचा केएच (आम्लता वाढू न देणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप) कमी असेल तर पीएच चांगलाच खाली येऊ शकतो, केएच भरपूर असेल तर फरक जाणवतही नाही. म्हणून लाकूड घालण्याआधी केएच तपासा आणि घातल्यावर पहिला महिना पीएचवर नजर ठेवा. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांना कठीण, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांच्या टाकीत मी लाकडाऐवजी दगडच लावीन. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

इतकं करूनही बुडायला तयार नसलेलं लाकूड असतं. त्याला खालून स्लेटची लादी स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जोडा आणि लादी वाळूखाली दडवा. साधा स्क्रू गंजतो, आणि पितळेत तांबं असतं. हे फक्त तरंगणाऱ्या लाकडासाठी. न भिजलेल्या लाकडासाठी ही पळवाट वापरू नका.

टाकीत बसवताना लाकूड दोन काचांच्या मध्ये घट्ट अडकवू नका. भिजलेलं लाकूड फुगतं आणि काचेवर जोर येतो. काचेपासून दोन बोटं जागा सोडा, साफ करायला हात जायला हवा. वाळू उकरणारे मासे असतील तर लाकूड आधी तळाशी नीट टेकवून मग भोवती वाळू घाला. पाणवनस्पतींच्या टाक्या सजवण्यासाठी प्रसिद्ध असलेले जपानी ताकाशी अमानो यांच्या टाक्यांचे फोटो बघितलेत तर मुख्य लाकूड सहसा मधोमध नसतं, एका बाजूला सरकलेलं असतं आणि फांद्या मोकळ्या जागेकडे झुकतात. अमानो निसर्गचित्रं टिपणारे छायाचित्रकारही होते. मी माझं मूळ आठवडाभर रिकाम्या टाकीत रोज वेगळ्या तऱ्हेने ठेवून बघितलं. शेवटी उलटं ठेवलेलं आवडलं, बुंध्याकडची बाजू वर आणि फाटे खाली, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं.

अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस या पाणवनस्पती लाकडावर छान धरतात. पहिल्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, ते सडतं. सुती दोऱ्याने बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं लाकडाला घट्ट धरतात. जेलसारखा सुपरग्लूही चालतो, तो ओल्या जागेवरही पकडतो. लाकूड आधी फडक्याने टिपून घेतलं की एवढ्याशा थेंबात काम होतं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत लाकडावर पांढरी, बुळबुळीत साय येईल, कापूस चिकटल्यासारखी. घाबरून लाकूड काढू नका. लाकडातल्या उरल्यासुरल्या साखरेवर वाढणारी बुरशी आणि जिवाणू आहेत ते. कोळंब्या आणि गोगलगायी ती आवडीने खातात, आणि काही आठवड्यांत ती आपोआप जाते. नजरेला खुपत असेल तर टूथब्रशने घासून सायफनने ओढून घ्या. काळे, दाबल्यावर मऊ लागणारे, वास येणारे डाग मात्र वेगळे. ते दिसले तर त्याच दिवशी लाकूड बाहेर.

टाकीत पनाके जातीचे मासे असतील तर तळाशी भुसा दिसेल. त्यांचे दात चमच्याच्या आकाराचे असतात आणि ते खरोखरच लाकूड खरवडून खातात. ब्रिसलनोज मासा मुख्यतः वरचा थर चाटतो, तरी वर्षानुवर्षं लाकूड झिजतंच.

वर्षातून एकदा मी मूळ बाहेर काढून स्क्रूड्रायव्हरने पुन्हा टोचून बघते. ते उघड्यावर वाळू देत नाही, कारण वाळलं की तडकतं, पुन्हा हवा भरते आणि सगळं पहिल्यापासून. टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवते आणि त्याच पाण्यात हलक्या हाताने खळबळते, म्हणजे त्यावर वस्तीला असलेले उपयोगी जिवाणू नळाच्या क्लोरिनने मरत नाहीत. मागच्या वेळी मधल्या फाट्याचं टोक अंगठ्याच्या पेराएवढं मऊ लागलं. करवतीने तेवढं उडवलं, कापाचा वास घेतला. नुसता ओल्या मातीचा वास होता. मॉसची एक जुडी त्या कापावर बांधली आणि मूळ जागच्या जागी ठेवून दिलं.